दोन लेन्सचा कॅमेरा : बदलायचा की खोलायचा?

मामाच्या याशिकाचा एक सेकंद आता जवळजवळ दोन सेकंदांचा झाला आहे. ‘साठ’ आणि ‘एकशेपंचवीस’वर शटर अजून खणखणीत चालतं, पण ‘पंधरा’च्या खाली आलं की पाती उघडतात, आतली चक्रं कुरकुरत निघतात, मध्येच रेंगाळतात आणि कशीबशी बंद होतात. आरशाला कडेने तपकिरी डाग पडले आहेत. थंडीच्या दिवसांत फोकसची चकती फिरवायला दोन बोटं पुरत नाहीत, मूठ लावावी लागते. मागच्या दाराच्या खाचेतला फोम वयाने विरघळून काळा चिकट लगदा झाला आहे. कॅमेरा याशिका-मॅट 124 जी. मामाने मिरजेतल्या आपल्या स्टुडिओसाठी सत्तरच्या दशकात घेतलेला आणि स्टुडिओ बंद झाल्यापासून माझ्याकडे असलेला.

अशा कॅमेऱ्याचं काय करावं यावर फिल्मवर फोटो काढणाऱ्या मंडळींत सरळ दोन तट आहेत. एक म्हणतो, ओव्हरहॉल करून घे आणि वापर. दुसरा म्हणतो, जुन्यात पैसे कशाला घालतेस, तो विकून टाक, थोडी भर घाल आणि एकदाच रोलीफ्लेक्स घे. ही थोडी भर म्हणजे याशिकाच्या किमतीच्या चौपट-पाचपट. पुण्यातल्या एका विक्रेत्याकडे रोलीफ्लेक्स 3.5 एफ बघायलाही ठेवला होता. निर्णय घेण्याआधी मला एक गोष्ट नीट समजून घ्यायची होती: या कॅमेऱ्याच्या इतिहासात वरचं मॉडेल घेणाऱ्याला प्रत्येक वेळी नेमकं काय जास्त मिळालं? आणि आपल्याकडच्या स्टुडिओवाल्यांनी तीस-चाळीस वर्षं तेच कॅमेरे कशाच्या बळावर चालवले? या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत असं मला आता वाटतं.

एका लेन्समधून बघायचं आणि दुसरीने फोटो घ्यायचा ही कल्पना रोलीफ्लेक्सच्या खूप आधीची. 1880 च्या सुमारास लंडनच्या आर. अँड जे. बेक या भिंगं घडवणाऱ्या पेढीने क्यू वेधशाळेसाठी असा कॅमेरा बांधला, तो ढगांचे फोटो घ्यायला. त्या काळच्या साध्या कॅमेऱ्यात मागच्या काचेवर बघून फोकस करायचा, मग काच काढून तिथे प्लेट चढवायची. तेवढ्यात बघणं बंद. माणूस खुर्चीवर मान धरून थांबतो, ढग थांबत नाही. म्हणून बघण्यासाठी वेगळी लेन्स, वेगळा पडदा. शेवटच्या क्षणापर्यंत डोळ्यासमोर चित्र राहतं, हा या कॅमेऱ्याचा मूळ गुण तिथपासूनचा आहे आणि नंतरच्या कुठल्याही मॉडेलने त्यात मूलभूत भर घातलेली नाही.

गळ्यात अडकवून हिंडता येईल असा दोन लेन्सचा कॅमेरा मात्र जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात जन्मला. पॉल फ्रांके आणि राइनहोल्ड हायडेके या दोघांनी 1920 मध्ये तिथे कारखाना काढला. फ्रांके व्यवहार बघायचे, हायडेके यंत्र. हायडेके आधी त्याच गावातल्या फोइग्टलेंडर कारखान्यात कामाला होते. दोघांनी सुरुवातीला केले ते स्टिरिओ कॅमेरे. शेजारी-शेजारी दोन लेन्स, दोन्हींनी एकाच वेळी फोटो घ्यायचा, आणि मध्ये तिसरी लेन्स फक्त बघण्यासाठी. त्यातली कडेची एक लेन्स वगळून उरलेल्या दोन एकावर एक उभ्या केल्या की जो आकार तयार होतो, तोच 1929 साली रोलीफ्लेक्स म्हणून बाजारात आला.

तो पहिला रोलीफ्लेक्स एका रोलवर फक्त सहा फोटो घ्यायचा आणि मागच्या लाल खिडकीत आकडे बघत बघत रोल पुढे सरकवावा लागायचा. 1932 मध्ये दोन सुधारणा झाल्या. बटणाऐवजी बाजूला दुमडता येणारा क्रँक आला, आणि कॅमेरा 120 चा रोल घेऊ लागला. हा रोल कोडॅकने 1901 मध्येच काढला होता. साध्या पेटी-कॅमेऱ्यासाठी निघालेल्या रोलवर आता सहा बाय सहाचे बारा फोटो येऊ लागले. कॅमेऱ्याच्या सगळ्या वाटचालीत मला ही सुधारणा सर्वांत मोलाची वाटते. पहिल्या रोलीफ्लेक्समध्ये जाणारा रोल केव्हाच बाजारातून गेला. 1932 नंतरच्या कॅमेऱ्यात घालायचा रोल आजही मुंबई-पुण्याला मिळतो, म्हणूनच ते दुरुस्त करून घेण्यात अर्थ उरतो.

1937 च्या ऑटोमॅटने पुढची पायरी गाठली. फिल्म मागच्या काळ्या कागदाला जिथे चिकटवलेली असते तिथे जाडी किंचित वाढते. ऑटोमॅटमध्ये रोलचा कागद दोन बारीक रुळांमधून न्यायचा. ती वाढलेली जाडी रुळांना जाणवते, तिथून कॅमेरा आपोआप मोजायला लागतो आणि पहिल्या फोटोवर क्रँक थांबतो. कागदावरचा बाण कुठल्या खुणेशी जुळवायला नको. रोल सरकवताना शटरही त्याच फेरीत चढतं. त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात या कॅमेऱ्याला ग्रां प्री मिळाली. कागद रुळांमधून न घालता वरून नेला तर सगळा रोल न थांबता पलीकडे जातो, एवढी एक अडचण. पण हात बसला की ती राहत नाही.

माझ्या मते दोन लेन्सच्या कॅमेऱ्यातल्या मोठ्या सुधारणा इथे संपतात. युद्धानंतर झाइसचा येना इथला कारखाना सोव्हिएत अमलाखाली गेला आणि ब्राउनश्वाइगवाल्यांना लेन्ससाठी वणवण करावी लागली. पन्नासच्या दशकात रोलीफ्लेक्सवर पाच भिंगांच्या प्लानार आणि झेनोटार लेन्स आल्या. त्याआधीची टेसार लेन्स चार भिंगांची, झाइसच्या पॉल रुडोल्फ यांनी 1902 मध्ये काढलेली. नवी लेन्स पूर्ण उघडी ठेवून फोटो काढला तर चौकटीचे कोपरेही धारदार येतात, हे खरंच आहे. पण छिद्र आठ किंवा अकरावर नेलं की टेसार आणि प्लानार यांच्यातला फरक शोधायला निगेटिव्ह भिंगाखाली धरावी लागते. स्टुडिओत दिव्याखाली, लग्नात फ्लॅशवर मामाचं छिद्र नेहमी आठ-अकराच असायचं.

आता जपान. नागानो प्रांतात 1949 मध्ये विजेच्या घड्याळांचे भाग करणारी एक छोटी कंपनी निघाली. तीच पुढे याशिका झाली. 1953 मध्ये तिने पहिला दोन लेन्सचा कॅमेरा केला, 1957 मध्ये क्रँकवाला याशिका-मॅट, 1968 मध्ये 120 आणि 220 असे दोन्ही रोल चालणारा 124, आणि 1970 मध्ये 124 जी. शेवटचा ‘जी’ सोन्याचा: आतल्या विजेच्या जोडांवर सोन्याचा मुलामा दिलेला होता. फोटो घेणारी लेन्स 80 मिलिमीटरची याशिनॉन, टेसारच्याच चार भिंगांच्या रचनेची. शटर कोपालचं, एका सेकंदापासून पाचशेपर्यंत. हे मॉडेल 1986 पर्यंत निघत राहिलं. तोवर जगभर हौशी माणसाच्या हातात पस्तीस मिलिमीटरचा कॅमेरा येऊन बराच काळ लोटला होता.

आपल्याकडे हा कॅमेरा कुणाच्या हातात होता? आधी वर्तमानपत्रांच्या छायाचित्रकारांच्या. होमाई व्यारावाला नवसारीच्या, शिकल्या मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. दिल्लीत स्वातंत्र्याची ती सगळी वर्षं त्यांनी टिपली ती स्पीड ग्राफिक आणि रोलीफ्लेक्सवर. पोटाशी धरलेला कॅमेरा, खाली झुकलेली मान, पडद्यावर उजवं-डावं उलटलेलं चित्र. समोरचा माणूस उजवीकडे सरकला की पडद्यावर तो डावीकडे जातो, आणि नवशिका हमखास उलटी दिशा पकडतो. अशा कॅमेऱ्यावर धावत्या प्रसंगाचा फोटो घ्यायचा तर ही सवय हाडात मुरलेली लागते. त्यांनी 1970 मध्ये हे काम थांबवलं.

दुसरे धनी म्हणजे गावोगावचे स्टुडिओ, आणि त्यांची गोष्ट मला जास्त जवळची आहे. 1957 च्या आसपास परकीय चलनाची चणचण झाली आणि सरकारने चैनीच्या वस्तूंची आयात आवळली. कॅमेरा चैनीत धरला गेला. पुढची तीन दशकं परदेशी कॅमेरा उघडपणे दुकानात जाऊन घेणं हे साध्या स्टुडिओवाल्याच्या आवाक्यातलं राहिलं नाही. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या सामानातून, बोटीवरच्या खलाशाकडून, नाहीतर मुंबईत बोरा बाजारात जुना शोधून, असेच कॅमेरे येत. गोव्यात पोर्तुगीज असेपर्यंत, म्हणजे 1961 पर्यंत, परदेशी माल मोकळेपणी उतरायचा. सावंतवाडी-बेळगावकडच्या मंडळींना तो एक रस्ता होता. घराघरांतल्या हौसेसाठी बडोद्यात बनणारा आग्फा क्लिक थ्री होता. त्यातही 120 चाच रोल आणि तेच बारा फोटो, पण वेग जवळजवळ ठरलेला आणि लेन्स अगदी साधी. धंद्याला तो पुरत नसे.

रोलची अडचण थोडी कमी झाली ती उटीमुळे. सरकारने 1960 मध्ये तिथे हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही कंपनी स्थापली आणि पुढे ‘इंदू’ नावाची देशी कृष्णधवल फिल्म बाजारात आली. मामाच्या काळोख्या खोलीत इंदूच्या रिकाम्या डब्या खिळे आणि टाचण्या ठेवायला होत्या, त्या मी लहानपणी खेळायला घेत असे. रोल देशी, कागद देशी, रसायनं देशी. फक्त कॅमेरा परदेशी, आणि तो बिघडला की दुसरा नाही.

इतका महाग, इतका दुर्मिळ कॅमेरा स्टुडिओवाले का धरून बसले, तर त्याच्या निगेटिव्हसाठी. सहा बाय सहाची निगेटिव्ह एवढी मोठी की तिच्यावर पेन्सिल चालते. मामा रिटचिंगच्या उभ्या काचेसमोर बसून, टोक सुईसारखं केलेल्या पेन्सिलीने नवऱ्या मुलीच्या गालावरच्या देवीच्या खुणा एकेक टिंब देऊन भरत असे. फिल्मवर आधी चिकट औषधाचा पातळ हात द्यायचा, तो सुकला की पेन्सिल धरते. निगेटिव्हवर जिथे शिसं चढतं तिथे कागदावर उजळ येतं, म्हणून खड्डे भरायचे, उंचवटे सोडायचे. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर चेहरा वाटाण्याएवढा येतो, तिथे हे काम होत नाही. ज्याला मोठा फोटो नको त्याला निगेटिव्ह कागदाला चिकटवून तेवढ्याच आकाराची कॉन्टॅक्ट प्रिंट द्यायची. काळ्या पानांच्या आल्बममध्ये कोपऱ्यांत अडकवलेले जे चौकोनी छोटे फोटो आपल्या घरांत सापडतात ते हेच. एन्लार्जर नसलेल्या तालुक्याच्या गावीही या कॅमेऱ्यावर धंदा होऊ शकत होता.

त्यामुळे वरचं मॉडेल हा प्रश्न मामाच्या पिढीपुढे फारसा आलाच नाही. पुढे होता तो कॅमेरा चालू ठेवण्याचा प्रश्न, आणि त्यातून मेकॅनिकांची एक पिढी उभी राहिली. सुटे भाग येत नसल्याने ही माणसं भाग घडवत. तुटलेल्या स्प्रिंगच्या जागी घड्याळाची स्प्रिंग तापवून वळवायची, झिजलेल्या चक्राच्या दातावर पितळ चढवून कानशीने पुन्हा दात पाडायचा, मेलेल्या तीन कॅमेऱ्यांतून एक जिवंत करायचा. बहुतेकजण घड्याळाच्या कामातून आलेले, कारण शटरची सावकाश चालणारी चक्रं आणि घड्याळाची चक्रं यांत तत्त्वाचा फरक नाही. मिरजेत हे समजावून सांगावं लागत नाही. इथल्या सतारमेकर गल्लीत कुणी तंबोरा बेसूर झाला म्हणून नवा घ्यायला सांगत नाही. घोडी घासून जवारी काढून देतात, आणि आवाज परत येतो. कोल्हापूरची ख्याती तर त्याहून मोठी: बाबूराव पेंटरांनी तिथे सिनेमाचा कॅमेराच घडवला होता.

मामाचा कॅमेरा ज्यांच्याकडे जायचा ते कोल्हापूरचे काका आता खूप थकले आहेत, पण त्यांच्या हाताखाली तयार झालेले गृहस्थ अजून काम करतात. मी त्यांना फोनवर विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “ताई, खोलल्याशिवाय सांगत नाही. तुम्ही समोर बसा, बघा, मग ठरवा.” मला हे आवडलं. जो माणूस न खोलता आकडा सांगतो त्याच्याकडे कॅमेरा देऊ नये असं माझं मत आहे.

त्यांनी आधी पुढच्या पाटीवरचं काळं कातडं कडेने उचलून हळूहळू सोललं. त्याखाली स्क्रू होते. पाटी निघाली. मग रबराचा एक जाड गोल तुकडा पुढच्या भिंगावर दाबून उलटा फिरवला, तशी पुढची भिंगं बैठकीसकट बाहेर आली. वेगाची चकती काढली आणि शटरचं पोट उघडं पडलं. एका बाजूला सावकाश वेगाची चक्रं, नखाएवढ्या पट्टीवर बसवलेली. शेवटच्या चक्रावर मागे-पुढे डोलणारा एक छोटा नांगर. हाच नांगर एक सेकंद मोजतो. आसांभोवती तेल वाळून मधासारखं घट्ट झालेलं दिसत होतं. त्यांनी दोन स्क्रू काढून ती पट्टी चिमट्याने उचलली, काचेच्या वाटीत लायटरच्या पेट्रोलमध्ये बुडवली आणि बारीक ब्रशने घासली. पेट्रोल पिवळं झालं. पुन्हा नवं पेट्रोल, पुन्हा ब्रश, वाटीत रंग येईना तोवर.

“आता तेल?” मी विचारलं.

“फक्त आसांना, सुईच्या टोकावर मावेल तेवढं. पात्यांना थेंबही नाही. पाती कोरडीच चालली पाहिजेत. लोक घरी तेल सोडतात, ते पात्यांवर पसरतं, मग पाती एकमेकांना चिकटतात आणि माझ्याकडे येतात.”

चक्रं परत बसवून त्यांनी फोन शटरशेजारी ठेवला, एक सेकंदाचा आवाज रेकॉर्ड केला आणि पडद्यावरच्या लहरीत उघडण्याचा टोला आणि मिटण्याचा टोला यांतलं अंतर मोजलं. त्यांच्या गुरूंनी हे कानाने केलं असतं. एक सेकंद एका सेकंदाचा झाला होता.

नंतरचं काम मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि पुष्कळ ठिकाणी तेच वगळलं जातं. मागचं दार उघडून त्यांनी फिल्मच्या रुळांवर दुधी काचेची पट्टी टेकवली, शटर ‘बी’वर उघडं धरून ठेवलं आणि डोळ्याला भिंग लावून दूरच्या मोबाइल टॉवरकडे बघितलं. फोकसची चकती अनंतावर असताना टॉवरच्या सळया काचेवर स्वच्छ दिसल्या पाहिजेत. दिसल्या. मग वरच्या पडद्यावर बघितलं, तिथे त्या धूसर होत्या. म्हणजे बघायची लेन्स आणि फोटोची लेन्स यांचा मेळ तुटला होता; डोळ्याला स्पष्ट दिसेल ते फिल्मवर अस्पष्ट येणार. बघायच्या लेन्सचे कडेचे बारीक स्क्रू सैल करून ती केसभर फिरवली आणि दोन्हीकडे सळया एकदम स्वच्छ झाल्या. या मेळाशिवाय दोन लेन्सचा कॅमेरा, मग तो प्लानारवाला का असेना, निरुपयोगी आहे.

आरसा त्यांनी फोटोकॉपीच्या भंगारातल्या यंत्रातून कापला. त्या यंत्रांत मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला असतो आणि कॅमेऱ्यालाही तसाच आरसा लागतो. न्हाव्याच्या दुकानातला साधा आरसा बसवला तर काचेच्या दोन्ही पृष्ठांवरून प्रतिबिंब येतं, कडा दुहेरी दिसतात. दाराच्या खाचेत फोमऐवजी काळी मखमल घातली. मखमल विरघळत नाही.

पुण्यातला रोलीफ्लेक्स मी नंतर बघितला. हातात घेतला की घडणीचा फरक जाणवतो, तो मी नाकारत नाही. क्रँकची फेरी लोण्यासारखी, फोकस एका बोटाने फिरतो, वरचं झाकण काढून पडदा बदलता येतो, आणि जवळच्या वस्तूवर फोकस करताना पडद्याखालची चौकट आपोआप खाली सरकते, म्हणजे वरच्या आणि खालच्या लेन्सच्या जागेतला फरक भरून निघतो. पण टॉर्च लावून मागून बघितलं तेव्हा मागच्या भिंगांच्या जोडात कडेला दुधासारखी साय दिसली. भिंगं चिकटवलेला थर सुटायला लागला की असं दिसतं. बुरशी वरवर असेल तर पुसता येते. तिने काच खाल्ली असेल किंवा जोड सुटत असेल, तर आपल्याकडे तो उपाय करणारी माणसं फार कमी. सेलेनियमचा मीटर बॅटरीशिवाय चालणारा, पण त्याची सुई उन्हातही जेमतेम हलत होती. एक सेकंद त्याचाही लांबलेला. म्हणजे चौपट-पाचपट पैसे देऊन पुन्हा ओव्हरहॉल आलाच, आणि जोडाचा प्रश्न उरतोच. विक्रेत्याने सर्व्हिसिंग झाल्याचं सांगितलं होतं. कुठल्या मेकॅनिकने, काय काय केलं, हे मात्र त्याला सांगता आलं नाही.

मी याशिका ठेवला. रोलीफ्लेक्समध्ये जे खरोखर जास्त आहे ते पूर्ण उघड्या छिद्राच्या कोपऱ्यांत आणि जवळच्या अंतरावर आहे, आणि मी तिथे क्वचितच असते. मी वाडे, घाट, बाजार आणि माणसं काढते, बहुतेक तिपाईवर, छिद्र आठ-अकरावर. तिपाईवर काम करणाऱ्याला एक सेकंद आणि अर्धा सेकंद लागतात, आणि नेमके तेच बिघडले होते. ज्याला खोलीतल्या अंधुक उजेडात, छिद्र पूर्ण उघडून चेहरे काढायचे आहेत त्याने मात्र रोलीफ्लेक्सच घ्यावा. फक्त आधी टॉर्च लावून मागच्या भिंगांतून बघावं आणि ओव्हरहॉलचे पैसे किमतीत धरावेत. एवढे पैसे नसतील तर साध्या लेन्सचा पण नीट जुळवलेला कॅमेरा, नामांकित पण न जुळवलेल्या कॅमेऱ्यापेक्षा चांगली निगेटिव्ह देतो, हे मी मामाच्या पेट्यांतल्या निगेटिव्ह बघून सांगते.

काही सुधारणा मला सुचवल्या गेल्या, त्या मी करून घेतल्या नाहीत. मीटर तसाच बंद ठेवला. तो पाऱ्याच्या 1.35 व्होल्टच्या बॅटरीसाठी केलेला. तशा बॅटरी बंद झाल्या, आणि आजच्या दीड व्होल्टच्या बॅटरीवर सुई खोटं सांगते. हातातला वेगळा मीटर जास्त खरा. पडदा बदलून जास्त उजळ पडदा घालण्याचा मोह होता. पण नव्या पडद्याची जाडी जुन्याइतकी नसेल तर नुकताच साधलेला दोन लेन्सचा मेळ पुन्हा मोडणार, म्हणून जुनी दुधी काचच साबणाच्या पाण्याने धुतली. डाग पडलेल्या आरशाने उजेड खाल्ला होता. आरसा बदलल्यावर पडदा पुरेसा उजळला. 220 चा रोल मोठ्या कंपन्यांनी सोडून दिला आहे, त्यामुळे दाबाची पट्टी मी कायमची 120 वर ठेवली आहे.

निघताना त्यांनी दोन अटी घातल्या. महिन्यातून एकदा, रोल नसला तरी, शटर एक सेकंदापासून पाचशेपर्यंत प्रत्येक वेगावर चालवायचं. तेल न हललं की पुन्हा घट्ट होतं. टायमरचा छोटा दांडा मात्र चढवायचा नाही, तो जुन्या शटरमध्ये अडकला तर सगळं शटर घेऊन बसतो. आणि पावसाळ्यात कॅमेरा चामडी केसमध्ये ठेवायचा नाही. चामडं ओल धरतं आणि बुरशी आधी तिथे येते, मग भिंगावर. केस कपाटाच्या एका खणात, आणि कॅमेरा दुसऱ्या खणात, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलसकट. मामाची केस चांगली आहे, शिवणही उसवलेली नाही. पण ती आता रिकामीच राहणार आहे.